अलास्का अमेरिकेत, व्हिसा मात्र कॅनडाचा

सिएटलच्या धक्क्यावर काका काउंटरवरच्या बाईंना पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "अलास्का अमेरिकेतच आहे." त्यांचं बरोबर होतं. मावशी आणि काका पुण्याहून मुलाकडे उन्हाळ्यासाठी गेले होते, दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता, आणि मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, हौसेने सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक केली होती. हिमनद्या बघायच्या म्हणून मावशीने पुण्यात बसूनच सगळ्यांसाठी लोकरीच्या टोप्या विणल्या होत्या. बाईंनी प्रवासाचा तक्ता पुढे केला. केचिकन, ज्यूनो, स्कॅगवे, आणि शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया. व्हिक्टोरिया कॅनडात आहे. जहाज तिथे काही तास थांबणार होतं आणि तेवढ्यासाठी कॅनडाचा व्हिसा हवा होता. "आम्ही तिथे उतरणारच नाही, खोलीत बसून राहू," असंही मावशीने सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. जहाज निघून गेलं आणि भाऊ, वहिनी, त्यांची दोन्ही मुलं आणि मावशी-काका बॅगांसकट धक्क्यावर राहिले. पैसेही परत मिळाले नाहीत, कारण कागदपत्रं पुरी असण्याची जबाबदारी प्रवाशाची, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं.

ही हकिगत मी कुठेही सांगितली, की ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला आपल्या घरातली तशीच आठवते. कुणाला सिंगापूरहून, कुणाला दुबईहून, कुणाला अथेन्सजवळच्या बंदरातून परत फिरावं लागलेलं असतं. ही माणसं निष्काळजी नसतात. आयुष्यभर वीजबिलाच्या पावत्या फाइलला लावणारी असतात. त्यांचा हिशेब चुकतो तो एकाच ठिकाणी: ते जहाजाला विमानासारखं समजतात. विमान एका देशातून उठतं आणि दुसऱ्या देशात उतरतं. जहाज आठवडाभरात दोन-तीन देशांना शिवून निघाल्या जागी परत येतं, आणि ते परत येणं हासुद्धा त्या देशात नव्याने केलेला प्रवेश असतो. म्हणून क्रूझचं माहितीपत्रक हातात आलं, की रात्री किती आणि जेवणं किती हे वाचण्याआधी सीमा किती वेळा ओलांडली जाते ते बोटांवर मोजावं.

सिएटलहून निघणारं जहाज मुळात व्हिक्टोरियाला जातंच कशाला, हा प्रश्न काकांनी तेव्हाही विचारला होता. त्याचं उत्तर १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये प्रवासी ने-आण करायची तर ते जहाज अमेरिकेत बांधलेलं आणि अमेरिकेतच नोंदलेलं हवं, असं तो कायदा सांगतो. स्वदेशी जहाजबांधणीला संरक्षण देण्यासाठी तो झाला. आजची मोठी क्रूझ जहाजं बांधली जातात इटली, फिनलंड, फ्रान्स, जर्मनीत आणि त्यांच्यावर झेंडा असतो बहामाज, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडाचा. अशा परदेशी जहाजाला सिएटलहून निघून फक्त अलास्कातली बंदरं करून परत सिएटलला यायचं असेल, तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. जवळचं परदेशी बंदर म्हणजे व्हिक्टोरिया. २०२१ मध्ये साथीमुळे कॅनडाने आपली बंदरं क्रूझसाठी बंद ठेवली, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवण्यासाठी अमेरिकेच्या संसदेला तात्पुरता खास कायदा करावा लागला. १८८६ चा कायदा आजही कायम आहे, आणि पुण्या-ठाण्याच्या आजी-आजोबांना कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भरायला लावतो तो हाच.

अमेरिकेतल्या मराठी घरात गुंता वाढतो, कारण एकाच घरात तीन-चार प्रकारचे कागद असतात. नातू तिथे जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक. अमेरिकेच्या बंदरातून निघून त्याच बंदराला परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकन मुलाला परत येताना जन्मदाखलाही चालतो. तरी त्याचा पासपोर्ट काढलेला बरा. मूल वाटेत आजारी पडलं आणि परक्या देशातून विमानाने परतावं लागलं, तर जन्मदाखल्यावर विमानात बसू देत नाहीत. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असेल, तर त्यांना कॅनडाच्या व्हिसाची गरज नाही. २६ एप्रिल २०२२ पासून पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ हवं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भारतीयाला मात्र कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि भेटीला आलेल्या आई-वडिलांनाही लागतो. मावशीच्या घरात मुलाला आणि सुनेला ग्रीन कार्ड मिळालेलं होतं, त्यामुळे या व्हिसाचा विषय त्यांच्या डोक्यातच आला नाही. आपल्याला नको म्हणजे कुणालाच नको, असं धरून चालले. इतर घरांतही चूक बहुतेक वेळा अशीच होते.

एच-वन-बीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली, पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) वैध आहे, अशी अनेकांची स्थिती असते. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परतायचं असेल, तर अशा जुन्या व्हिसावर अमेरिकेत परत घेण्याची एक सवलत आहे. मात्र त्या मुक्कामात तुम्ही तिथे नव्या व्हिसाचा अर्ज केलेला नसावा. या सवलतीच्या भरवशावर एखादा मायामीहून बहामाजची चार रात्रींची क्रूझ घेतो आणि फसतो. कॅरिबियन बेटांसाठी ही सवलत विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना आहे, एच-वन-बीला नाही. मायामीची क्रूझ घेण्याआधी व्हिसाची तारीख बघावी, ती उलटली असेल तर ही क्रूझ घेऊ नये.

आता आपल्याकडून सगळ्यात जास्त लोक जातात त्या सिंगापूरबद्दल. मुंबईहून विमानाने सिंगापूर, तिथे दोन रात्री, मग मरीना बेच्या टर्मिनलवरून तीन रात्रींची क्रूझ, पेनांग किंवा फुकेत, परत सिंगापूर आणि घरी. सहलीत कुणीतरी सांगतंच, "मलेशियाला आता व्हिसा लागत नाही." ते खरं आहे, १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना व्हिसामाफी दिली. पण इथे अडचण मलेशियात जाण्याची नाहीच, सिंगापूरला परत येण्याची आहे. विमानतळावर उतरलात तो पहिला प्रवेश, जहाजावरून उतराल तो दुसरा. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर जहाजावर चढतानाच अडवतात, कारण परत आणल्यावर तुम्हाला उतरवता येणार नाही हे जहाज कंपनीला माहीत असतं. सिंगापूरचा व्हिसा कागदाच्या पानावर येतो. तो आला की फोटो आणि नाव बघून आपण घडी घालतो. त्यावर प्रवेश एक की अनेक, ही ओळ आधी वाचावी.

कुठल्याच बंदराला न लागणाऱ्या क्रूझलाही नव्या प्रवेशाचा हाच नियम आहे. संध्याकाळी निघायचं, एक-दोन दिवस समुद्रात फिरून परत यायचं, मध्ये कुठे थांबायचं नाही. लोक म्हणतात, आपण देश सोडलाच नाही. पण जहाज देशाच्या सागरी हद्दीबाहेर गेलेलं असतं, धक्क्यावर बाहेर पडण्याची नोंद झालेली असते, आणि परतताना पुन्हा इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. सिंगापूरला जाण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं आगमनपत्रही आहे. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट भरता येतं. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात.

युरोपात हिशेब शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा. २०२३ च्या १ जानेवारीला क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि इटली, क्रोएशिया, ग्रीस असा मार्ग एकाच प्रवेशात बसू लागला. पण त्याच मार्गावर जहाज मॉन्टेनेग्रोच्या कोटोरला लागलं, किंवा ग्रीक बेटं करता करता तुर्कस्तानच्या कुशादासीला गेलं, की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात आणि परत येताना दुसऱ्यांदा आत शिरलात. लोक कोटोरच्या खाडीचे फोटो बघून क्रूझ निवडतात आणि अर्जात प्रवेश 'एक' लिहितात. शेंगेनच्या अर्जाला निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पासपोर्ट शेंगेन सोडल्यानंतरही तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. क्रूझ कंपन्या मात्र साधारणपणे प्रवास संपल्यापासून सहा महिन्यांची मुदत मागतात. जो नियम कडक, तोच धरावा.

मुदतीच्या बाबतीत घरातली धोक्याची जागा म्हणजे लहान मुलांचा पासपोर्ट. आपला दहा वर्षांचा असतो आणि तो आकडा डोक्यात पक्का बसलेला असतो. मुलांचा फक्त पाच वर्षांचा असतो. मूल दोन वर्षांचं असताना दुबईला जाण्यासाठी काढलेला पासपोर्ट दुसरी-तिसरीत जाईपर्यंत संपलेला असतो, आणि तोवर त्यातला फोटोही मुलाशी जुळत नाही. छत्तीस पानांच्या मोठ्यांच्या पासपोर्टला दीड हजार रुपये शुल्क आहे, तत्काळ हवा असेल तर वर दोन हजार. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलाला घेऊन जाणार असेल, तर दुसऱ्याचं सही केलेलं संमतिपत्र जवळ ठेवावं. ते प्रत्येक बंदरावर मागत नाहीत, पण ज्या बंदरावर मागतात तिथे घरून पाठवायला वेळ नसतो.

नावाचा प्रश्न खास आपला आहे. मराठी नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टमध्ये रकाने दोनच, आडनाव आणि दिलेलं नाव. मधलं नाव कुणी दिलेल्या नावाच्या रकान्यात जोडतं, कुणी गाळतं. जहाजाला निघण्याआधी प्रवाशांची यादी त्या त्या देशाला पाठवावी लागते, आणि त्या यादीतलं नाव पासपोर्टमधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. 'दीपक' पासपोर्टमध्ये दोन ईंनी आणि आधारवर एका आयने लिहिलेला असतो, आणि बुकिंग करणारा मुलगा आधारचा फोटो समोर ठेवून नाव टाइप करतो. लग्नानंतर आधार बदललेलं असतं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो. पासपोर्टवरचं माहेरचं नाव बदललंच पाहिजे असा कोणताही नियम नाही, ते आनंदाने ठेवावं. मात्र व्हिसा, विमानाचं तिकीट आणि क्रूझचं बुकिंग या तिन्ही ठिकाणी तेच नाव हवं. आडनावाचा रकाना कोरा असलेल्यांनी जास्त सावध राहावं. २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन व्हिसा देणं बंद केलं. हिवाळ्यात दुबईहून निघणाऱ्या क्रूझला आपल्याकडून बरेच लोक जातात, त्यांनी पासपोर्टचं पहिलं पान उघडून वरचा रकाना भरलेला आहे ना ते बघावं.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशांच्या किनाऱ्याला लागणारी क्रूझ असेल, तर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं, आणि त्याची मोठी परीक्षा परतताना आपल्याच देशात होते. पीतज्वर असलेल्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि कार्ड नसेल, तर विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं, त्यानंतर जन्मभर चालतं. बंदरावर आजाराची चौकशी करण्याची रीत फार जुनी आहे. १३७७ मध्ये आजच्या दुब्रोवनिकने, म्हणजे तेव्हाच्या रागुझाने, प्लेगच्या गावांहून आलेल्यांना शहरात शिरण्याआधी तीस दिवस वेगळं ठेवायचा हुकूम काढला. त्या तिसांचे पुढे चाळीस झाले आणि चाळीसच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द आला. कोटोरला जाणारी जहाजं आज ज्या दुब्रोवनिकला थांबतात ते हेच. गरोदर स्त्रियांनीही बुकिंगआधी विचारून घ्यावं, बहुतेक मोठ्या कंपन्या चोविसाव्या आठवड्यापासून पुढे जहाजावर घेत नाहीत आणि त्याआधी डॉक्टरांचं पत्र मागतात.

जहाजावर चढल्यावर तुमचा फोटो काढून एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच दुकानातलं खातं आणि तेच जहाजावर शिरण्याची ओळख. उतरताना आणि चढताना ते मशीनला दाखवलं, की कोण बाहेर आहे आणि कोण आत आलं ते जहाजाला कळतं. अनेक मार्गांवर पासपोर्ट जहाजवाले आपल्याकडे जमा करून घेतात आणि शेवटी परत देतात. आपल्या लोकांना याची फार धास्ती वाटते, पण तिथल्या इमिग्रेशनला शेकडो पासपोर्ट एकदम दाखवायचे असतात म्हणून ही पद्धत आहे. पोच घ्यावी आणि निर्धास्त राहावं. बंदरावर उतरताना पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स पाकिटात ठेवावी. रोज खोलीत येणाऱ्या छापील पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन असतो, तोही लिहून घ्यावा. बाजारात उशीर झाला आणि जहाज सुटलं, तर तुमच्या खोलीतला पासपोर्ट काढून त्या एजंटकडे ठेवून जायची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे. पुढच्या बंदरापर्यंत विमानाने जायला त्या वेळी तोच उपयोगी पडतो.

त्या कार्डाच्या मशीनपाशी उभा असलेला माणूस कदाचित मडगावचा किंवा रत्नागिरीचा असेल. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात ती ही माणसं. त्यांच्याकडचे कागद आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. पासपोर्टखेरीज नौवहन महासंचालनालयाची सीडीसी ही नोंदवही, त्यात प्रत्येक जहाजावर चढल्या-उतरल्याची नोंद, खलाशांचं बायोमेट्रिक ओळखपत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, डॉक्टरांचा दाखला, आणि अमेरिकेला जाणारं जहाज असेल तर सी-वन-डी व्हिसा. खलाशांच्या ओळखपत्राचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. एवढं सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ही माणसं आठ-आठ, नऊ-नऊ महिने घरापासून लांब राहतात. कागदांबद्दल काही अडलं तर त्यांना विचारावं, ते मनापासून सांगतात.

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या देशांतर्गत क्रूझला पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो, पण मूळ कागद हवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. पॅन कार्डावर पत्ता नसतो, तेवढंच घेऊन बॅलार्ड पियरला जाऊ नये. लक्षद्वीपचं मात्र वेगळं आहे. आपल्याच देशातलं असूनही बाहेरच्या भारतीयाला तिथे प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांनी तो आला आणि तिथल्या छोट्या बेटांवरच्या लोकवस्तीचं रक्षण करणं हा त्याचा हेतू आहे. क्रूझ कंपनी बहुतेक वेळा तो काढून देते. त्यासाठीचे फोटो आणि फॉर्म मात्र वेळेवर द्यावे लागतात.

मावशी आणि काका दुसऱ्या वर्षी अलास्काला गेले. भावाने जानेवारीतच कॅनडाचा अर्ज भरला, माणशी शंभर डॉलर आणि बोटांच्या ठशांचे वेगळे पंच्याऐंशी. व्हिक्टोरियाला मावशी टोपी घालून उतरली आणि कॅनडाच्या जमिनीवर तासभर फिरून आली. तुमचे आई-वडील यंदा तुमच्याकडे येणार असतील आणि तुमच्या मनात अलास्का असेल, तर क्रूझचे पैसे भरण्याआधी त्यांच्या कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भरा.